लायसन्ससाठी लावलेला फ्लेक्स

आमच्या घरी म्हैस होती, पण चहा कोरा असायचा. दूध सगळं डेअरीला जायचं. वडील हंगामात बैलगाडीनं माळेगावच्या कारखान्याला ऊस वाहायचे, आई लोकांच्या उसात खुरपायला जायची. पणदऱ्यातल्या त्या दोन खोल्यांतून कॉलेजला गेलेली पहिली मी. पदवीचा फोटो आईनं देवांच्या शेजारी टांगला आणि वर्षभर त्यालाही हळदकुंकू वाहिलं. मी अडवलं नाही. मिळवली होती, फुकट नव्हती मिळाली.

नोकरी बारामतीत लागली, ठिबकच्या पाइपांच्या दुकानावरच्या माडीवर. मालकांना सगळे आबा म्हणत. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करायचो: दूध काट्यावर ठेवलं की वजन, फॅट, दर आणि मराठीत छापलेली पावती. इंदापूरच्या एका दूध संघाला ते पसंत पडलं. फक्त एक लेखी हमी मागितली: आत इतरांचा कोड किती आहे आणि त्यांची लायसन्स, म्हणजे वापरायच्या अटी, एकमेकांशी जुळतात का. सही कोड लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी.

मी तपासायला बसले आणि अडकले. काट्यावरचं वजन वाचणारा तुकडा इंटरनेटवरून घेतलेला. त्याची अट अशी, की फुकट घ्या, बदला, पण पुढं कुणाला द्याल तेव्हा सगळा कोड ह्याच अटींवर खुला द्या आणि वर स्वतःची एकही अट घालू नका. पावती छापणारा तुकडा परदेशातल्या एका वयस्क प्राध्यापकांचा. त्यांची अट एवढीच, की जाहिरात कराल तिथं माझं नाव टाका. म्हणजे दोन्हीकडची मंडळी चांगली, पण लग्न मानपानावर अडलेलं. एक म्हणतो जादा अट नको, आणि दुसरा तीच घेऊन मांडवात उभा.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "आगं, फुकाट दिलंय न्हवं त्यांनी? मग फुकटात रुसवा कसला?"

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं तोडगा काढला: प्राध्यापकांचं नाव खोडून टाकायचं, इंदापुरात कोण बघतंय. मी म्हटलं, आमच्या घराण्यात अंगठे पुष्कळ झाले, सही करणारी मी पहिली. ती खोट्याखाली होणार नाही. त्यावर आबांनी मला पोरी सोडून मॅडम म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडं मॅडम म्हणू लागले की बॅग आवरायला घ्यावी. इंदापूर गेलं की माझी जागाही जाणार, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता सांगितलंच.

सोमवारी मी एसटीतून उतरले तर चौकात फ्लेक्स. मधोमध गॉगल लावून हात जोडलेले आबा, वर आमच्या सॉफ्टवेअरचं नाव, खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत, पाइपवाले आणि एक माजी सरपंच यांच्यामध्ये, आमचे प्राध्यापक. विद्यापीठाच्या वेबसाइटवरून फोटो काढला होता. फ्लेक्सवाल्यानं सवयीप्रमाणं त्यांना भगवा फेटा बांधून दिला होता. नावाआधी "मा." सुद्धा होतं.

"झाली का अट पुरी?" आबा खुशीत होते. "आपल्या तालुक्यात नाव टाकायला कोण कमी करतंय?"

मी म्हटलं, "आबा, आपण अट पाळली, पण भांडण पाळण्याचं नाहीच. ती अट पुढं संघाला बांधती. काट्याचा तुकडा तेच करू देत न्हाय."

"म्हंजे पाळली तरी नडती?"

"व्हय."

आबांनी फ्लेक्सवरच्या प्राध्यापकांकडं बोट केलं. मग म्हणाले, "मग आता त्या फेटेवाल्यालाच विचार."

तेच बरोबर होतं. ज्यानं अट घातली तोच ती काढू शकतो. मी प्राध्यापकांना सगळं लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा लिहिताना फ्लेक्सचा फोटो जोडला. म्हटलं, नाव बुडवायचा आमचा इरादा नाही एवढं तरी दिसेल.

दुसऱ्याच दिवशी उत्तर. आधी विचारलं होतं, माझ्या डोक्यावर हे काय आहे. मग लिहिलं होतं, की कोड एकट्यानं लिहिलेला, हक्कही त्यांचेच, आणि ती अट तरुणपणी नावाची फार हौस होती म्हणून घातलेली. एवढ्या मोठ्या आकारात नाव बघितल्यावर ती हौस फिटली. अट काढून त्यांनी कोड नव्यानं जाहीर केला.

काट्याच्या तुकड्याच्या अटीनं आपला कोड खुला होणार म्हटल्यावर आबा मात्र पुन्हा बसले. दुसरा कुणी सॉफ्टवेअरवाला आयता उचलेल म्हणाले. मी म्हटलं, उचलू दे, पण पहाटे काटा बंद पडल्यावर सुप्यापासून इंदापूरपर्यंत धावतं कोण? आपणच. पैसे त्याचे घ्यायचे. इंदापूर सोडायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं, तेव्हा मान हलवली.

लायसन्सचा प्रश्न फ्लेक्सनं सुटला, असं आबा आजही भेटेल त्याला सांगतात, आणि मला धड नाही म्हणता येत नाही.

हमीवर मी खरी सही केली. नोकरी राहिली, आणि आमचं सॉफ्टवेअर आता इंदापूरच्या त्या संघात चालतं.