मंडळाची किल्ली

फिलिपिन्सच्या डोंगरात स्वयंसेवकाचं प्रशिक्षण संपवून मी परतले, तेव्हा माझ्याजवळ एक शिट्टी, एक भडक पिवळा रेनकोट आणि एक वाक्य होतं. दरड कोसळायच्या आधी माणसं कशी हलवायची, हे तिथं शिकवायचे. आमची बुटकी, तापट शिक्षिका रोज दरडावायची, "गावात जाऊन शहाणपणा करायचा नाही. आधी गावाला विचारायचं." मी आज्ञाधारकपणे मान डोलवायची. गाव म्हणजे नेमकं कोण, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

संस्थेनं मला नेमलं कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर. मी महाडची, म्हणजे तशी जवळचीच. पण वाडीनं मला पाहुणी ठरवून टाकलं. हंडा उचलला की कुणीतरी हातातून काढून घ्यायचं. "ऱ्हाऊ द्या ताई, तुमाला जमायचं नाय." मी जिच्या पडवीत राहायचे, ती वैनी एकटी मला कामाला लावायची. तिचा नवरा मुंबईत कँटीनमध्ये, सणावारीही सुट्टी नसलेला. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. "नुसत्या बसता काय ताई? तांदूळ निवडा," म्हणायची. तिच्यामुळे मी तिथं टिकले.

तिचं घर बरोबर डोंगराच्या पायथ्याशी, आणि घराच्या वर जमिनीला भेग पडलेली. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. पावसाळ्यात वेळ आली तर सासूला न्यायचं कुठं? शाळा कधीच बंद झाली, तिचं छप्परही गळकं. धोक्याबाहेरची पक्की इमारत एकच, टेपावरचा, म्हणजे बाजूच्या उंचवट्यावरचा, मंडळाचा हॉल. त्याला हे भलंमोठं कुलूप.

"किल्ली कुणाकडं?"

"मुंबईला," वैनी म्हणाली, जसं काही किल्ल्या मुंबईलाच असतात.

तर ही तिथली रीत. मंडळ गावाचं, पण सभासद घरटी एक, तोही पुरुष. पुरुष सगळे मुंबईला. मे महिन्यात ते सुट्टीवर आले की सभा भरते आणि वर्षभराचं ठरतं. बारा महिने तिथं राहणाऱ्या बायकांनी त्या सभेला चहा करायचा. वा रे गाव!

शिकवल्याप्रमाणे मी सभेत गावाला विचारलं. पावसाळ्यापुरती हॉलची किल्ली वाडीत राहू द्या, एवढंच. अध्यक्ष हसले. "ताई, टेन्शन नका घेऊ. आताच नवीन लाद्या बसवल्यात. चिखलाचे पाय घेऊन सगळी आत शिरली तर लाद्या खराब होतील." बाकीचेही हसले. घराच्या वतीनं बसलेल्या वैनीच्या सख्ख्या दिरानं, जिची काळजी होती त्या म्हातारीच्या पोटच्या मुलानं, नकाराला हात वर केला. वैनी तेव्हा त्याच्याच कपात चहा ओतत होती.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले. म्हटलं, "ह्या हॉलची रेती नदीवरून डोक्यावर कुणी वाहिली? ह्या बायकांनी, की लाद्यांनी?" अध्यक्षांनी हात जोडले. "तुम्ही पाहुण्या आहात. पाहुण्यांनी मंडळाच्या कारभारात पडू नये." मी चवदार तळ्याशेजारी वाढलेली. सगळ्यांच्या जागेवर मूठभरांनी मालकी सांगायची म्हणजे काय, हे मला ह्यांनी शिकवावं? पण सभा संपली, आणि किल्ली त्यांच्या खिशातून मुंबईला गेली.

आषाढात एका सकाळी, सलग पावसानंतर, घरामागच्या झऱ्याचं पाणी तांबडं गढूळ झालं. असं झालं की थांबायचं नाही, हे मला परदेशात शिकवलं होतं. वैनीला कुणी शिकवायची गरज पडली नाही. तिनं म्हैस सोडली, बायकांना हाका मारल्या. आम्ही सासूला घोंगडीच्या डोलीत घातलं आणि बांबू खांद्यावर घेऊन टेपावर चढलो. ह्या वेळी माझा खांदा कुणी नाकारला नाही.

हॉलच्या दारात कुलूप. वरून धो धो पाऊस, आणि डोलीत म्हातारी थंडीनं कुडकुडतेय. नशिबानं रेंज मिळाली. अध्यक्ष म्हणाले, "मी ड्युटीवर आहे हो. रविवारी कुणाच्या तरी हातून किल्ली पाठवतो." रविवारी! काय बोलणार ह्या माणसाला? मी फोन बंद केला आणि कुणीतरी आणलेली पहार उचलली.

वैनीनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुमी नको ताई. तुमी तोडलं तर म्हनतील, भायरची बाई येऊन तोडून गेली. आमाला हितंच ऱ्हायचं हाय." आणि तिनं असा घाव घातला की कोयंडा कुलपासकट खाली आला.

दुपारी डोंगर सुटला. घराची मागची भिंत आत आली. सासूचं अंथरूण होतं ती खोली मातीनं भरली, वरच्या वाशापर्यंत. आम्ही हॉलच्या दारातून बघत होतो. मला त्या चकचकीत लाद्यांकडे बघून रडू फुटलं, रागानंच.

गणपतीला मुंबईकर आले. तोवर वैनी सासूला घेऊन हॉलमध्येच राहत होती. दाराला नवा कोयंडा, नवं कुलूप, आणि किल्ली तिच्या कमरेला. संध्याकाळी अध्यक्ष मृदंग घेऊन, चार माणसांसह टेपावर आले. दीरही होता, मागे मागे. कुलूप कुणी तोडलं, हे कुणीच विचारलं नाही.

"वैनी, जरा उघडा ना. भजनाला बसायचंय."

वैनीनं पदराला हात पुसले. त्यांच्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे सावकाश बघितलं.

"पाय धुऊन या," ती म्हणाली. "लाद्या खराब होतील."

आणि ते सगळे, दीरही, मुकाट पागोळ्यांखाली पाय धुवायला गेले.