खिशातले दोन सेल

आधी जमुनाबाईंचं नाव घेतो, मग बाकीचं सांगतो. नरसी नामदेवच्या अलीकडे तांडा आहे, तिथल्या जमुनाबाई. त्या नसत्या तर दोन माणसं माझ्या हातून गेली असती... आणि मीही.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आठवीत शाळा सुटली, पण मशीन कळतं. आवाज आला म्हणजे तो कुठून तरी येतो, एवढं पक्कं. म्हणूनच हे लिहायला जड जातंय.

मी चंदगडकडचा. पुण्यात एका मालकाची फिरत्या घराची गाडी चालवतो — आत पलंग, ओटा, एसी, आणि एसीसाठी गाडीच्या पोटात जनरेटर. मालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जनरेटरचा धूर निघतो ती बाजू कायम मोकळी ठेव. त्या धुरातल्या गॅसला वास नसतो, झोपेत मारतो. आतला अलार्म एकेकदा टिक करत असेल तर सेल उतरलेत. चार-चार वेळा ओरडला तर गॅस — माणसं बाहेर काढ."

गेल्या मार्चमध्ये एका रिटायर्ड सरांना आणि मॅडमना घेऊन नरसीला आलो. दर्शन झालं. दुपारी ऊन असं की पत्र्याला हात लावू देईना. जेवून जरा पडू, म्हणाल्या मॅडम. रस्त्याकडेच्या शेतात हळद पॉलिश करायचा मोठा ड्रम धडधडत होता. विचारून, भरलेल्या पोत्यांच्या थप्पीला अगदी खेटून गाडी लावली. सावली बघितली, धुराची बाजू बघितली नाही. पिवळी धूळ नको म्हणून काचाही लावल्या आणि एसीसाठी जनरेटर चालू केला.

अलार्म सकाळपासून टिक... टिक करत होता. मॅडमची झोप मोडेल म्हणून दोन्ही सेल काढून खिशात टाकले. हिंगोलीत नवीन घेऊ म्हटलं.

तेवढ्यात दाराशी एक बाई. "दादा, आत घर हाय म्हणत्यात. बघू द्या की."

"लोक झोपलेत. जा मावशी."

"काहून, पलंग उचलून नेते का मी?" हसत ड्रमकडे गेल्या.

मला मात्र संशय. मॅडमच्या अंगावर सोनं होतं. पुढच्या सीटवर बसून मी आरशातून त्या बाईंवर नजर ठेवली. डोकं ठणकत होतं. उन्हाचं असेल, म्हटलं...

मग एकदम काचेवर धाडधाड. त्याच बाई, हात पिवळेजर्द.

"दादा, उघडा! तुमचं यंत्र कवाचं बोंबलून राहिलं, ऐकू येईना का?"

दार उघडून घ्यायची युक्ती, वाटलं मला. "कसलं यंत्र? बंद आहे ते."

"बंद कसं? चार डाव ओरडतं, थांबतं... पुन्हा चार डाव. उठा!"

चार.

उठायला गेलो तर पायात जीव नाही. कसंबसं दार उघडलं, जनरेटर बंद केला. सर-मॅडमना ओढून काढलं ते जमुनाबाईंनी आणि ड्रमवरच्या गड्यांनी. हळदीच्याच टेम्पोतून हिंगोलीला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी सर बोलले, मॅडमनी पाणी मागितलं. तेव्हा घाम पुसायला रुमाल काढला... तर हाताला सेल लागले. दोन्ही.

दुसऱ्या दिवशी तडक शेतात गेलो. "मावशी, खरं सांगा. सेल काढताना बघितलं मला? चारचं कुणी सांगितलं?"

"मला काय ठावं सेल न् बिल? ऐकलं ते सांगितलं. तुमी तर पोलिसावानी विचारून राहिले!"

बाकी गड्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. मी नवीन सेल घातले, एका गड्याला अलार्मचं बटण दाबायला सांगितलं आणि चालू ड्रमपाशी उभा राहिलो. गाडी कालच्याच जागी, शंभर पावलांवर. शेजारच्याचं बोलणं कळेना, अलार्म कुठला!

सेल काढल्याचं सरांना आणि मालकाला मी स्वतः सांगितलं. सर मध्ये पडले म्हणून नोकरी राहिली. पण संशय जात नाही. जमुनाबाईंना गाडीकडे बघून काही कळलं असेल का? मग चार कुठून आले? तिथं तर मी ते कुणालाच बोललो नव्हतो.

त्या दिवशी शेतातून निघताना म्हटलं, "मावशी, या, आता बघा गाडी."

"आता नगं. भ्याव वाटतं."

जमुनाबाई, एक ना एक दिवस तांड्यावर गाडी घेऊन येईन. सगळ्या काचा उघड्या ठेवीन, तुम्हाला पुढच्या सीटवर बसवीन, म्हणाल तिथवर नेईन. जनरेटर मात्र लावणार नाही.