उरलेलं पाणी चाकाला

शेजारच्या गाडीवान चाचांना पाण्याचा गडू दिला, की ते अर्धाच प्यायचे. उरलेलं पाणी दारात उभ्या असलेल्या बैलगाडीच्या चाकावर ओतायचे आणि रिकामा गडू परत देत म्हणायचे, "त्यालेबी तहान लागते न, बाई."

मी लग्न होऊन साखरखेर्ड्यात आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. यजमान तिथल्या शाळेत मास्तर. सुरुवातीला या माणसाचा मला भारी राग यायचा. उन्हाळ्यात आड तळाला गेलेला, दोर ओढून ओढून माझ्या हातांची सालटी निघालेली, आणि हे गृहस्थ ते पाणी लाकडाला पाजणार! एकदा मी तोंडावर सांगितलं, की उद्यापासून अर्धाच गडू मिळेल. द्या की, म्हणाले, मी त्यातलंबी अर्धंच पिईन. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

खरं कारण मला यजमानांनी समजावलं. लाकडाचं चाक उन्हात वाळून आखडतं. मग त्याच्यावर चढवलेली लोखंडाची धाव सैल पडते आणि निसटते. पाणी मिळालं की लाकूड फुगतं, धाव घट्ट बसते. पण चाचांचं तेवढ्यावर भागत नसे.

आमच्या गल्लीत चाक म्हटलं की ज्याला त्याला आपापलं आठवायचं. कुंभाराला मडक्यांचं, चाकू-कात्र्यांना धार लावणाऱ्याला त्याच्या सहाणेचं, पोस्टमनला सायकलचं. चाचांना मात्र सगळीच आपली वाटत. जे फिरतं ते राबतं, असं त्यांचं म्हणणं. पोस्टमन दारात थांबला की त्याच्या सायकललाही घोटभर मिळायचं. एकदा शाळेत पोरं चरख्यावर सूत कातत होती, तिथे चाचा पाणी प्यायला गेले आणि सवयीने उरलेलं चरख्यावर शिंपडून आले. कातायला ठेवलेले कापसाचे सगळे पेळू भिजले. यजमान दिवसभर फुगून बसले होते आणि मी पदर तोंडाला लावून हसत होते.

पुढे गावात एसटी आली, तेव्हा लोकांनी नारळ फोडला, हार घातले. चाचांनी मागच्या चाकावर गडू रिकामा केला. ड्रायव्हर हसला, म्हणाला रबराला कशाला पाणी? चाचा म्हणाले, "रबराले नसन लागत. पण लांबून आलं न ते."

मला सांगायची आहे ती गोष्ट एसटीच्या आधीची. माझं पहिलं बाळंतपण. माहेरी जायचा दिवस ठरला होता, पण कळा आधीच सुरू झाल्या. दाईने बराच वेळ खटपट केली आणि शेवटी हात टेकले. मूल आडवं आहे, मेहकरच्या दवाखान्यात न्या, नाहीतर दोघांचं काही खरं नाही, म्हणाली. यजमानांनी मला उचलून बाहेर आणलं. चाचांनी तोवर बैल जुंपलेसुद्धा होते.

वैशाखाचं ऊन होतं. त्यातच गावचा आड आटलेला, त्यामुळे चाकाच्या वाट्याला आठवडाभर थेंब आला नव्हता. वाटेत एका कोरड्या नाल्याच्या उतारावर गाडी खडखडायला लागली. चाचा उतरले. धाव अर्धी बाहेर आली होती.

नाल्यात झिरा खणून पलीकडच्या वस्तीतल्या बायका वाटीवाटीने पाणी भरत होत्या. चाचांनी त्यांच्याकडे चाकासाठी पाणी मागितलं. मी आत पडल्या पडल्या सगळं ऐकत होते.

एक बाई म्हणाली, "पोरायले पेयाले पाणी नाही, आन तुमच्या चाकाले कुठून देऊ?"

"गाडीत माही लेक आहे," चाचा म्हणाले. "चाक गेलं त लेकबी जाईन, आन तिचं लेकरूबी जाईन."

ती बाई आली. तिने ताडपत्री उचलून माझ्याकडे पाहिलं. कपाळावर गोंदण, ओठ वाळून फुटलेले. कमरेवरची घागर उचलून तिने चाकावर पालथी केली. मग बाकीच्या आल्या, एकेक करून. चाचांनी आणि यजमानांनी धावेखाली पाचरी ठोकल्या, ओलं पोतं चाकाला गुंडाळलं. लाकूड फुगेपर्यंत ती बाई माझा हात धरून बसून होती. मग मेहकरपर्यंत चाचा गाडीवर बसले नाहीत. ओझं नको म्हणून बैलांपुढे पायी चालले.

मुलगी झाली. आम्ही दोघी वाचलो.

त्यानंतर दर उन्हाळ्यात चाचांची गाडी लांबच्या विहिरीवर पाण्याचं पिंप भरून सकाळीच कुठेतरी जायची. पाणी विकतात की काय, असं मला वाटायचं. कुठे जातं हे पाणी, ते चाचीकडून कळलं, तेव्हा मला रडूच आलं. मी चाचांना विचारलं, तर खाली बघत म्हणाले, "चाकानं त्या नाल्यावरच्या वस्तीचं पाणी पेलं होतं न, बेटी. मंग चाकानंच न्यावं."

चाचा गेले तेही उन्हाळ्यातच. तोवर गाडी मोडली होती, एक चाक तेवढं कडुनिंबाला टेकवून ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी गोंदणवाली बाई पायी चालत आली. पार म्हातारी झाली होती. चाचीच्या गळ्यात पडून रडली, मग ओट्यावर टेकली. माझ्या मुलीने तिला पाण्याचा गडू दिला. बाईने तिच्याकडे एकटक पाहिलं, मग माझ्याकडे. हेच का ते लेकरू, असं तिने डोळ्यांनीच विचारलं आणि मी मान हलवली.

अर्धा गडू ती प्यायली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, कडुनिंबाखाली गेली आणि उरलेलं पाणी तिने चाकावर ओतलं.