मुलाखतीच्या दाराशी धोंडीराम नाना

सातपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात धोंडीराम पगारे शिपाई होते. शिक्षण सातवी, अंगावर खाकी कपडे, आणि सगळी वस्ती त्यांना नाना म्हणायची. मुलाखतीच्या दिवशी दाराशी उभं राहून उमेदवारांना एकेक करून आत सोडणं हे त्यांचं काम. साहेब लोक आत बसून पोरांना पारखायचे, नाना बाहेरूनच पारखायचे. नानांचा अंदाज साहेबांपेक्षा कमी चुकायचा, हे ऑफिसातला कुणीही शपथेवर सांगेल.

१९७४ साली पेठकडचा एक बी.ए. झालेला मुलगा मुलाखतीला आला. दारापाशी थांबून त्यानं चपला काढल्या, नीट जोडून भिंतीशी ठेवल्या आणि अनवाणीच आत गेला. मोठ्या माणसासमोर पायताण घालून जायचं नसतं, हे घरचं वळण. आत हशा पिकला. दोन मिनिटांत पोरगा बाहेर आला, तेव्हा चपलेत पाय घालणंही त्याला धड जमेना. नानांना असा संताप आला की विचारू नका. पण शिपायाचा संताप जाणार कुठं? आपण त्याला दारातच का सांगितलं नाही, म्हणून ते स्वतःलाच बोल लावत राहिले.

त्याच रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात नानांची शाळा सुरू झाली. मास्तर सातवी पास आणि विद्यार्थी पदवीधर! शेजारचा झुंबर म्हणाला, "नाना, तुमी म्याट्रिकबी नाय, अन् बीएवाल्यांना काय शिकवणार?"

"त्यांना पुस्तक येतं, मला दार येतं," नाना म्हणाले.

हळूहळू सायखेडा, दिंडोरीकडची पोरंही सायकली हाणत येऊ लागली. नानांचे धडे रोकडे असत. चपला पायातच ठेवायच्या. बसा म्हटल्यावर पूर्ण बसायचं, अर्ध्या खुर्चीवर लोंबकळायचं नाही. येत नसेल ते येत नाही म्हणायचं, थापा मारायच्या नाहीत. अर्जात 'गरिबाघरचा आहे, दया करावी' असं कुणी लिहिलं की नाना तो कागद सरळ फाडायचे. "भीक मागायला चाललास का काम मागायला? तुला काय येतं ते लिही." बापाचा धंदा लपवणाऱ्याची तर धडगत नसे. हमाल तर हमाल, लिहायचं! नोकरी लागलेल्यालाही सोडत नसत. "पयला महिना काम बघ, विचारायला लाजू नको. अन् टेबलावर चहा आला म्हणून साहेब झालो असं समजू नको." अकरा वर्षांत तीसेक पोरं अशी नोकरीला लागली.

१९८५ साली नानांच्याच कारखान्यात कारकुनांच्या जागा निघाल्या. नानांची लता, घरातली पहिली बी.कॉम., अर्ज भरायला बसली. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आला तसे नाना चटकन म्हणाले, "तिथं नुसतं नोकरी लिही."

"का?"

"तिथं सगळे मला ओळखतात, पोरी. घंटी वाजली की पळणाऱ्याची लेक म्हणतील, अन् तुझं ऐकायच्या आधीच तुला मोडीत काढतील."

नानांच्या पत्नी चांगुणाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "लोकांच्या पोरांवर लय वरडता. आता घरच्या पोरीच्या वेळी कुठं गेलं ते?" इतक्या पोरांना ताठ उभं करणारा माणूस स्वतःच्या लेकीपाशी ढेपाळला होता. लतानं शांतपणे लिहिलं, शिपाई. पुढं कारखान्याचं नावही लिहिलं.

मुलाखतीला नानांनीच तिला आत सोडलं. दाराआडून साहेबांचा आवाज आला, "वडील इथंच शिपाई आहेत? म्हणजे शब्द टाकला असेल त्यांनी कुणाकडे तरी."

"नाही सर. त्यांनी शब्द टाकला नाही, माझ्याकडून तयारी करून घेतली. मला काय येतं ते तुम्ही विचारा."

मग प्रश्न सुरू झाले आणि संपता संपेनात. नाना दाराला कान लावून उभे राहिले. ना वशिला, ना बापाला पद. पोरीनं हट्टापायी हातची नोकरी घालवली, असंच त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी साहेबांनी निवडलेल्यांची यादी त्यांच्या हातात दिली. ती शिपायानं व्हरांड्यात उभं राहून पुकारायची, अशी तिथली पद्धत होती, आणि पुढं घोटाळा नको म्हणून नाव संपूर्ण घ्यायचं. नानांनी पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्यापाशी ते थांबले. एकोणीस वर्षं त्या व्हरांड्यात त्यांना घंटीनं बोलावलं होतं, 'अरे'नं बोलावलं होतं, 'पाणी आण'नं बोलावलं होतं. त्यांचं नाव तिथं मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. आता ते त्यांनाच घ्यायचं होतं. नानांनी डोळे पुसले, मान ताठ केली आणि फाटकावरच्या वॉचमनलाही ऐकू जाईल असं पुकारलं,

"लता धोंडीराम पगारे!"