मी हौदाचं बूच काढलं

गुडघे माझे दुखत होते, पण कुठे जायचं ते मुलाने आणि सुनेने ठरवलं. मला सांगितलं ते बॅगा भरून झाल्यावर. समुद्राकाठी एका जपानी बाईने आणि तिच्या जर्मन नवऱ्याने जपानी पद्धतीचं पाहुणेघर काढलंय, तिथे जमिनीतून गरम खारं पाणी येतं, त्यात बसलं की सांधे मोकळे होतात. सुनेच्या ऑफिसातली कोणी जाऊन आली होती. मी म्हटलं, जर्मनीत येऊन जपानला कशाला जायचं? मुलगा हसला. मी विनोद केला नव्हता.

माझा व्हिसा संपत आला होता आणि परतीचं तिकीट सुनेच्या कपाटात होतं. ब्राउनश्वाइगला मुलाच्या घरात भांडी पुसता पुसता मी रोज मनाने गावी जाऊन यायची. धाकटी बहीण माझ्या शेजारीच राहते. दुपारी आम्ही दोघी दारात बसतो, भाजी निवडतो, भाजी नसली तर नुसत्याच बसतो. एवढंच. पण हे कोणाला सांगायचं म्हटलं की माझी जीभ उचलत नाही. लग्नाआधीपासूनची सवय आहे ती.

आणि इकडे माझ्या कानावर भलतंच आलं होतं. दोघं स्वयंपाकघरात बोलत होती. दिवाळीआधी आईंना परत बोलवायचं, व्हिसासाठी मुंबईचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, आत्तापासूनच बघून ठेवायचा. सुनेचं काम पूर्ण वेळाचं होणार होतं आणि नातीची किटा, म्हणजे तिची बालवाडी, दुपारीच सुटते. तो काही म्हणाला की ती गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणायची, ती काही म्हणाली की तो जा, जा म्हणायचा, म्हणजे जर्मनमधलं हो, हो. मी बाहेर नातीचे मोजे घड्या करत होते. मला कोणी विचारलं नव्हतं. या समुद्राच्या सहलीत ते मला सांगतील, विचारणार नाहीत, हे मला गाडीत बसतानाच कळलं होतं.

समुद्र तर दिसतच नव्हता. मध्ये गवताचा उंच बांध, त्यावर मेंढ्या, आणि बांधाच्या अलीकडे ते एकटंच घर. दुकान नाही, शेजार नाही, नुसता वारा. दारातच सूचना सुरू झाल्या. बाहेरच्या चपला इथे काढायच्या. आतल्या सपाता व्हरांड्यापुरत्या. चटईवर अनवाणी. संडासाच्या सपाता वेगळ्या. ही पद्धत मला पटली, पण गुडघे सांभाळत बाहेर येताना मी त्याच संडासाच्या सपाता घालून थेट खोलीच्या दारापर्यंत आले. मुलाने त्या माझ्या पायांतून काढून घेतल्या आणि पळत परत ठेवून आला. सून म्हणाली, "आई, हरकत नाही, होतं असं." ती असं म्हणाली की मला जास्त राग येतो.

खोलीत पलंग नव्हता. आयुष्यभर जमिनीवर झोपले मी. गुडघे धरले तेव्हा याच मुलाने हौसेने पलंग घेऊन दिला, आणि आता गुडघ्यांच्या इलाजासाठी मला परत जमिनीवर आणून टाकलं होतं. तो म्हणाला, पाठीला चांगलं असतं. पाठीचं काही म्हणणंच नव्हतं. मला उठवायला दोघं लागायची, एका बगलेला तो, एका बगलेला ती.

मग अंघोळीचा विषय निघाला. बायकांचा मोठा हौद वेगळा होता, पण त्यात अंगावर चिंधीसुद्धा ठेवायची नाही. सुनेने मला दारापर्यंत नेलं. आत तीन-चार जणी पाण्यात बसल्या होत्या. ती म्हणाली, कोणी बघत नाही हो आई. मी तिथूनच मागे वळले. नंतर दोघं बराच वेळ मला समजावत होती, इथे सगळ्यांना सवय असते, लाजण्यासारखं काही नाही. लाज काय विचार करून येते का? शेवटी मुलाने छोटा लाकडी हौद घेतला. तो दाराला पाटी लावून तासाभरासाठी एकट्याने वापरता येतो. सून मोठ्या हौदात जाणार, मी नातीला घेऊन छोट्यात.

जाण्याआधी सुनेने सगळं दोनदा सांगितलं. आधी बाहेर बसून साबण लावायचा. फेस पूर्ण धुवायचा. हौदात साबण न्यायचा नाही. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. केस वर बांधायचे. फार वेळ बसायचं नाही, चक्कर येते. भिंतीवर चित्रांचा फलकही होता, खाली जर्मन मजकूर. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही मराठीत. चित्रं होती, पण वाफेत चष्मा घालून ती कोण बघणार? आणि एवढं ऐकल्यावर आणखी काही उरलं असेल असं मला वाटलं नाही.

आत गेले आणि प्रथमच बरं वाटलं. बसायला ठेंगणा पाट, शेजारी लाकडी बादली, पाणी घ्यायला लाकडाचं भांडं. मुलाकडे काचेची पेटी आहे, तिच्यात उभं राहून नळीखाली भिजायचं, एक हात सतत भिंतीला. इथे मी परकर छातीशी बांधला आणि पाटावर बसून खांद्यावरून पाणी ओतून घेतलं. किती दिवसांनी अंघोळ झाल्यासारखी अंघोळ झाली. नातीची पाठ चोळली, कानामागचं धुतलं. परकर तसाच ठेवून हौदात उतरले. टॉवेल नको म्हणाले होते, परकराचं कोणी काही बोललं नव्हतं. पाणी चांगलं कढत होतं. गुडघे सैल पडले, ते मी नाकारत नाही. खिडकीतून बांधावरची एक मेंढी आमच्याकडे बघत होती.

वेळ संपत आली तशी मी बाहेर आले आणि हौदाकडे पाहिलं. आमच्यानंतर कोणी तरी इथे येणार, आणि आम्ही दोघी ज्यात बसून निघालो ते पाणी तसंच भरलेलं. आमच्याकडे बादलीत तांब्याभर पाणी उरलं तरी ते ओतून देऊन बादली उपडी घालतात. दुसऱ्याने आपल्या अंघोळीच्या पाण्यात का उतरावं? तळाशी साखळीचं बूच होतं. मी ते ओढलं.

"नाइन, आजी! नाइन!" नात म्हणाली.

नाइन म्हणजे नाही, नको. ती दुधाला नाइन म्हणते, मोज्यांना म्हणते, झोपेला म्हणते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनच. मी तिला पुसून कोरडी केली, पाणी जाऊ दिलं आणि कोपऱ्यातला ब्रश घेऊन हौद घासून काढला. गुडघे परत दुखले, पण लाकूड कसं स्वच्छ झालं. दार हवेसाठी उघडं ठेवून मी समाधानाने खोलीत आले.

थोड्या वेळाने व्हरांड्यात धावपळ ऐकू आली. ती जपानी बाई, जी सारखी वाकून हसायची, आता हसत नव्हती. तिच्यामागे एक म्हातारं जर्मन जोडपं झगे घालून, टॉवेल घेऊन उभं. मुलगा गेला, बोलला, त्यांच्यासारखा वाकून वाकून माफी मागून आला. ते पाणी जमिनीतून अगदी बारीक धारेने येतं. हौद आता सकाळपर्यंत भरणार नव्हता. संध्याकाळी तो छोटा हौद घेतलेल्या सगळ्यांची अंघोळ गेली.

"आई, अगं बूच कशाला काढलंस?"

"मग लोकांनी आपल्या पाण्यात बसायचं?"

"सगळे त्याच पाण्यात बसतात. म्हणून तर आधी धुऊन घ्यायचं."

"हे मला कोणी सांगितलं?"

सून म्हणाली, "सगळं सांगितलं होतं ना, आई."

"केस बांधायचे सांगितलंस. बुचाचं नाही सांगितलंस."

"विचारायचं ना एकदा," मुलगा म्हणाला. "न विचारता का करतेस असं काही?"

माझ्या हातात ओला परकर होता. तो मी तसाच पिळत राहिले, सगळं पाणी त्यांच्या चटईवर.

"दिवाळीआधी मी परत येणार म्हणे. ते मला कधी विचारलंस?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, तुला कोणी सांगितलं. मी म्हटलं, तुमच्या स्वयंपाकघराला दार नाही. मग तो खाली बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला की तू तिकडे एकटीच असतेस, आम्हाला काळजी वाटते.

"एकटी नसते. बहीण आहे. या वर्षी मला यायचं नाही. पुढे यावंसं वाटलं की मी सांगेन."

एवढं एका दमात मी कधी बोलले नव्हते. आवाज मलाच मोठा वाटला.

सून हळूच म्हणाली, "मग मी माझ्या कामाचं काय करू, आई?" त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. तिचंही खरं होतं. मी म्हटलं, ते मला माहीत नाही गं. खरंच माहीत नव्हतं.

जेवण आलं. वीस वाट्या आणि प्रत्येकीत घासभर काही तरी. मी भात आणि बरोबर आणलेलं लिंबाचं लोणचं खाल्लं. सकाळी त्या जपानी बाईने मला भरलेल्या हौदापाशी नेलं, बुचाकडे बोट दाखवलं आणि नाही अशी मान हलवली. मीही मान हलवली. मग ती हसली. मी काही पाण्यात उतरले नाही.

परतीच्या वाटेवर नवीनच सुरू झालं. आई, खिडकी उघडू का? आई, गाणी लावू का? आई, इथे थांबायचं की पुढे? चहा हवा की कॉफी? पाय पुढे घेतेस का? दर वेळी उत्तर द्यायचं. आधी कोणी विचारत नव्हतं म्हणून जीव वैतागला होता, आता विचारून विचारून डोकं उठवलं. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं, तर मुलगा सुनेला कुजबुजत म्हणाला, "आईला विचार, उशी हवी का."

घरी आल्यावर त्याने बॅगाही आत नेल्या नाहीत. आधी कपाट उघडलं, माझं तिकीट काढलं आणि माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. म्हणाला, "असू दे तुझ्याकडे." सून फोनवर जर्मनमध्ये कोणाशी तरी किटाच्या वेळांबद्दल बोलत होती, कपाळाला हात लावून.

मी नातीसाठी दूध गरम केलं, पेला भरला, नेहमीसारखा तिच्यासमोर धरला.

"नाइन," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं, आणि पेला परत ओट्यावर ठेवला.