एकच फूल उरतं

जबलपूर स्टेशनवर बाबांनी माझ्या बॅगेची चेन तीन वेळा उघडून लावली. चौथ्यांदा हात घातला तेव्हा आई म्हणाली, "आता सोडा हो, गाडी सुटून राहिली." बाबा खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणीवर होते. तयार झालेला नग मापायचा आणि पुढे सोडायचा की बाजूला काढायचा, ते ठरवायचं, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. घरातल्या कपाचा टवका उडालेला आम्हाला दिसण्याआधी त्यांना दिसायचा. मी बंगळूरला चाललो होतो, मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका नव्या कंपनीत. बाबांनी शेजाऱ्यांना "सॉफ्टवेअरमध्ये लागला" एवढंच सांगितलं होतं, खेळ हा शब्द गाळून. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "चलो, नीट राहा."

जबलपूरच्या या खमरियातून, रांझीतून माझ्यासारखे जे बाहेर पडले आणि जे मागे राहिले, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कंपनी कशी वाढली ते सगळे कौतुकाने विचारतात. ती कशावर वाढली ते कुणी विचारत नाही.

सुरुवातीला आम्ही सहा जण होतो, एका भाड्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. खेळ साधा होता. परडीतली एका रंगाची तीन फुलं जुळवली की ती माळेत ओवली जायची आणि वरून थोडी नवी पडायची. ठरलेल्या चालींत परडी रिकामी करायची. एकेक लेव्हल मी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने आखायचो. कुणी हरलं तर आपली चूक त्याला दिसली पाहिजे, असा आमचा हट्ट असायचा. त्या दिवसांना मी अजूनही नावं ठेवू शकत नाही.

मग गुंतवणूकदार आले. फ्लॅट गेला, काचेच्या इमारतीतले तीन मजले आले आणि आमच्यावर एक नवा हेड आला. त्याने पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं, लोक खेळ सोडतात कधी? जिंकल्यावर, किंवा फार वाईट हरल्यावर. म्हणून त्यांना थोडक्यात हरवायचं. एकच फूल उरलं पाहिजे. मग पडद्यावर बटण येणार: अजून पाच चाली हव्यात? जाहिरात बघा, नाहीतर पैसे भरा.

ते थोडक्यात हरवायचं काम माझ्याकडे आलं. आता कागद-पेन्सिल नव्हती. समोरचा कितीही डोकं लावून खेळो, वरून कोणतं फूल टाकायचं ते माझा प्रोग्राम ठरवायचा. मला ते काम छान जमलं, हे सांगताना जीभ जड होते. एकदा मीटिंगमध्ये एका बाईंची ईमेल वाचून दाखवली. नवरा गेल्यापासून हाच खेळ माझी सोबत आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तोवर बाबा रिटायर झाले होते. फॅक्टरीचं क्वार्टर सोडून दोघं रांझीच्या छोट्या घरात राहायला गेले. आई फोनवर सांगायची, "तुझाच खेळ खेळून राहिले दिवसभर. फिरायला जाणं पण सोडलं." मला अभिमान वाटायचा. ऑफिसात मी ते सांगितलंही, आणि लोक हसले.

त्या हिवाळ्यात घरी गेलो. बाबा अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. मान खाली, अंगठा पडद्यावर. बाजूच्या चहावर साय धरली होती. नाकावर नवा चष्मा होता. माझ्याशी दोन शब्द बोलले आणि आत जाऊन एक वही घेऊन आले. फॅक्टरीतल्या अक्षरात त्यात रकाने पाडलेले होते: लेव्हल कितवी, डाव कितवा, फुलं किती उरली.

"हे बघ," ते म्हणाले. "या लेव्हलला एकतीस डाव खेळलो. सव्वीस वेळा एकच फूल उरलं. काहून?"

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, बाबा."

"नाही होत. माणूस चुकतो तर कधी कमी चुकतो, कधी जास्त. इतकं सारखं मशीनच चुकवते." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "अच्छा, ही लेव्हल कोणी बनवली?"

"मी."

त्यांनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं का आता माझी नजर गेली, डोकं चालत नाही. म्हणून चष्मा बदलून घेतला. डॉक्टरला पण विचारून आलो, हे विसरण्याच्या बिमारीचं तर नाही ना."

आई दारात उभी होती. डॉक्टरचं तिलाही माहीत नव्हतं. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मी कधी बघितली नव्हती. मोरीवर जाऊन मी कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिलो.

बंगळूरला परतलो आणि हेडला म्हणालो, ती लेव्हल काढा. तो मनापासून चकित झाला. "अरे, ती तर आपली सगळ्यात चांगली लेव्हल आहे." महिन्याभरात नोकरी सोडली. आता शाळांची वेळापत्रकं बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे. पण मी बाहेर पडल्याने काही थांबलं नाही. कंपनीने चौथा मजला घेतला. माझा प्रोग्राम अजून चालतो, आणि त्यावर बसवलेल्या नव्या खेळांच्या पाट्या मला रोज रस्त्यात दिसतात.

बाबांनी तरी खेळ सोडला असेल, असं मी धरून चाललो होतो. गेल्या खेपेला स्वयंपाकघरात आईने आवाज उतरवून सांगितलं, "अजून खेळतात. म्हणतात, कळतं गं सगळं, पण हात जातो. तू आला की फोन उशीखाली ठेवून देतात. तुझी लाज वाटते त्यांना."

माझी लाज, त्यांना!

बाहेरच्या खोलीत गेलो. बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, बोटांना काय करावं ते कळत नसल्यासारखे. मीही समोर बसलो. ऊन किती कडक पडून राहिलं, यावर आम्ही बोललो. एवढ्या वर्षांनी माझ्यासाठी घर म्हणजे ती खोली आहे. मी तिथे जितके दिवस राहतो, तितके दिवस बाबा खेळत नाहीत. म्हणून हल्ली जबलपूरचं तिकीट काढताना मी परतीचं काढत नाही.