मागचं बघणारे गार्डकाका

गार्डकाका आमच्या पिकअपमध्ये बसले की पुढचा रस्ता बघायचेच नाहीत. दार लावायचं, पट्टा बांधायचा आणि डाव्या बाजूला मुद्दाम बसवून घेतलेल्या जास्तीच्या आरशात नजर रोवायची. जोह्यापासून रोह्यापर्यंत आमच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीवरून त्यांची नजर हटत नसे. डोळे दुखत नाहीत का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पुढचं बघायला तू हायस ना? दोघांनी एकाच दिशेला बघून काय उपयोग?"

शांताराम म्हात्रे हे त्यांचं नाव, पण त्या नावाने त्यांना फक्त पोस्टमन हाक मारी. चौतीस वर्षं ते मालगाडीवर गार्ड होते. मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकट्याने बसायचं आणि पुढचे पन्नास-पंचावन्न डबे सुखरूप आहेत ना, हे बघायचं, एवढंच त्यांचं काम. नोकरी संपता संपता रेल्वेने गार्डाचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं. काका सांगत, "नाव मोठं झालं गो, डबा तसाच हादरायचा." बायको आधीच गेलेली, मुलगी रत्नागिरीला. निवृत्त झाल्यावर ते जोह्याला आमच्या शेजारच्या वडिलोपार्जित घरात एकटेच राहायला आले. स्वयंपाक स्वतः करत. भाजी करपली की ओट्यावर येऊन जाहीर करत, "आज आमची गाडी तापली. सूनबाय, वाटीभर काहीतरी दे."

आमचं घर मूर्तिकारांचं. पेणजवळच्या जोहे, हमरापूर या भागात घरटी गणपतीचा कारखाना, तसा आमचाही. लग्न होऊन आले तेव्हा मला ब्रश धरता येत नव्हता, पण चार-पाच वर्षांत मी मूर्तींचे डोळे आखायला लागले. पिकअप नवरा चालवायचा. लहान मूर्ती पिकअपमध्ये मावत, पण मंडळांच्या उंच मूर्ती त्यात उभ्या केल्या की मुकुट गल्लीतल्या तारांना टेकायचा. म्हणून आम्ही जमिनीलगत बसणारी एक ट्रॉली बनवून घेतली, आरटीओत रीतसर पास करून आणली. आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात नवऱ्याला रोह्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. शिफ्ट सांभाळून मूर्ती पोचवणं त्याला जमेना. लायसन्स माझ्याकडे होतं, पिकअप मी पेणच्या बाजाराला नेत होते. तेव्हा ट्रॉलीही आपोआपच माझ्याकडे आली.

ट्रॉली पहिल्यांदा मागे घेतली तो दिवस मी विसरणार नाही. कारखान्याच्या दारातून ती आत घालायची होती. मी स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं, ट्रॉली डावीकडे गेली. डावीकडे फिरवलं, तर ती उजवीकडे. तिसऱ्या खेपेला पिकअप आणि ट्रॉली अशा दुमडल्या की एकमेकींच्या कानात काही सांगताहेत असं वाटावं. सासरे ओरडत होते. रंगकाम सोडून बायका दारात जमल्या होत्या. माझे कान तापले. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून काका उतरले आणि खिडकीशी आले.

"सूनबाय, गाडी बंद कर. आधी पाणी पी."

"मला गाडी येते, काका," मी जवळजवळ रडत म्हटलं.

"व्हय तर. चांगली येते. पण आता तुझ्या मागं शेपूट हाय. उद्या सकाळी ओट्यावर ये."

सकाळी गेले तर ओट्यावर दोन काडेपेट्या टाचणीने एकमेकींना जोडून ठेवलेल्या. चहा गार होईपर्यंत ते त्या पुढे-मागे सरकवत राहिले. मग म्हणाले, "हात स्टेअरिंगच्या वर धरतेस तो खाली घे. घड्याळात सहा वाजतात तिथं. आता मागं जाताना ट्रॉली जिकडे न्यायची तिकडेच हात न्यायचा. डावीकडं तर डावीकडं. आणि थोडाच. वाकडं झालं का थांबायचं, पुढं जायचं, सरळ करायचं, परत सुरू. पुढं जाण्यात लाज नाय."

शाळेच्या मैदानावर आठ दिवस मी तेच केलं. काका छत्री घेऊन मागे उभे, मला आरशात दिसतील असे. ते आरशातून दिसेनासे झाले की थांबायचं, हा नियम. नवव्या दिवशी ट्रॉली कारखान्याच्या दारातून एका दमात आत गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी उतरून काकांना विचारलं, "तुम्ही किती वर्षं चालवलीत हो गाडी?"

"मी?" ते चकित झाले. "मला सायकल येते."

तेव्हापासून मोठी मूर्ती निघाली की काका सोबत. निघण्याआधी ते ट्रॉलीभोवती एक फेरी मारत, आणि ही फेरी झाल्याशिवाय मला चावी फिरवायची परवानगी नसे. जोडाची पिन हाताने हलवून बघायची. ट्रॉली पिकअपला बांधणाऱ्या दोन्ही साखळ्या ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याखालून एकमेकींवर फुली करून अडकवल्यात का बघायचं, म्हणजे जोड सुटलाच तर दांडा रस्त्यावर आपटण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडेल. चाकांची हवा. मागचे दिवे. मी ब्रेक दाबायचा आणि त्यांनी मागून ओरडायचं, "लागला!" मग पाच-दहा किलोमीटरवर गाडी थांबवून ते चाकाच्या मधोमध हाताची मागची बाजू लावून बघत. "कपाळाला हात लावून पोराचा ताप बघतो ना, तसं. चाकसुद्धा आधी तापतं, मग पडतं."

वजनाबद्दल मात्र ते कोणाचं ऐकत नसत. जड सामान ट्रॉलीच्या चाकांच्या थोडं पुढं हवं, मागं नको, नाहीतर वेगात ट्रॉली डोलायला लागते. ट्रॉली जोडायच्या आधी ते दांडा उचलून बघत. सहज उचलला गेला की म्हणत, "शेपूट जड झालं. उतरवा." एकदा एका मंडळाचे कार्यकर्ते वैतागले. "काका, बाप्पाचं वजन काय बघताय? तो काय पडणार हाय?" काका शांतपणे म्हणाले, "तो नाय पडणार. तुम्ही पडाल. उतरवा." त्यांनी उतरवलं.

असा माणूस चुकला, ती गोष्ट सांगायला हवी. त्यांनीच ती पुढे गावभर सांगितली, म्हणून मीही सांगते.

रोह्याच्या एका मंडळाची साडेपाच फुटी मूर्ती घेऊन आम्ही निघालो होतो. मंडळाची चार माणसं जीप घेऊन बरोबर होती. नागोठण्याला चहाला थांबलो, तर तिथे काकांना त्यांच्या मालगाडीचा एक जुना ड्रायव्हर भेटला. इतकी वर्षं पन्नास डब्यांच्या अंतरावर राहून वॉकीटॉकीवर बोललेली ही दोन माणसं आता एका बाकावर बसून एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. वेळ गेला. जीपवाले हॉर्न वाजवू लागले. काका हसतच गाडीत येऊन बसले आणि म्हणाले, "चल." मी चहा पीत होते तेव्हाच त्यांनी फेरी मारली असेल, असं मी धरून चालले.

भिसे खिंडीचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढले, उतारही दुसऱ्यातच उतरले. तेही त्यांचंच शिकवणं. खिंड संपली, दोन्ही बाजूंना भाताची शेतं आली, रस्ता सरळ झाला, तसा मी थोडा वेग वाढवला. तेवढ्यात एक टँकर जोरात बाजूने गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रॉली डावीकडे ढकलली गेली, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. मागून कोणीतरी पिकअपची कंबर धरून हलवावी तशी अख्खी गाडी डोलायला लागली. माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको!" काका ओरडले. इतका मोठा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "पाय काढ नुसता. स्टेअरिंग सरळ. ती हलूदे, तू हलू नको."

मी पाय काढला. हात दगडासारखे धरले. समोरून एक एसटी येत होती. एक हेलकावा, दुसरा, तिसरा त्याहून लहान. एसटी बाजूने गेली. वेग उतरला, तशी ट्रॉली शांत झाली. मग अगदी हळू ब्रेक लावत मी गाडी कडेला घेतली.

काका उतरले, चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि मागे गेले. मीही मागोमाग गेले. ट्रॉलीच्या अगदी शेवटी, मूर्तीमागे, दहा-बारा लोखंडी पाइप ठेवलेले. मंडळाच्या पोरांनी नागोठण्याला मांडवासाठी घेतले होते आणि जीपमध्ये मावत नाहीत म्हणून आमच्या ट्रॉलीत सरकवले होते. दोर पक्के होते म्हणून मूर्ती जागेवर होती. फक्त आशीर्वादाच्या हाताची करंगळी तुटून गवतात पडली होती.

"चूक माझी," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पाइप त्यांनी ठेवले, काका."

"ठेवणारे ठेवणारच. बघणारा मी होतो. आज बघितलं नाय."

माझ्या डब्यात प्लॅस्टर, रंग, ब्रश कायम असतात. जीप पुढे निघून गेली होती. मी म्हटलं, "तासाभरात करंगळी जोडते, रंगवते. कोणाला कळायचंसुद्धा नाय."

"कर. पण सांगायचं."

मला रागच आला. "पुढच्या वर्षीची ऑर्डर जाईल. मोठं मंडळ हाय."

"जाईल कदाचित," ते म्हणाले. "पण सांगितलं नाय तर ही पोरं उद्या दुसऱ्याच्या ट्रॉलीतही पाइप असेच टाकतील. तिथं ब्रेक दाबला गेला तर?"

मी करंगळी जोडली. त्यांनी एकेक पाइप उचलून पिकअपच्या हौद्यात ठेवला. मला हात लावू दिला नाही.

रोह्याला पोचलो तर मंडळाच्या अध्यक्ष, निवृत्त शिक्षिका असलेल्या जोशीबाई, आरतीचं ताट घेऊन उभ्या. ढोल वाजत होते. काकांनी हात वर करून ढोल थांबवले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "बाई, बाप्पाची करंगळी मोडली होती. सूनबायने जोडलीय. गाडीला फेरी मारायचं काम माझं होतं, मी मारली नाय."

जोशीबाईंनी चष्मा वर केला, मूर्तीच्या हाताजवळ गेल्या, चारही हात नीट बघितले आणि विचारलं, "कुठली करंगळी?"

मी दाखवली. तेवढ्यात जीपमधल्या चौघांपैकी एक पुढे आला. "बाई, पाइप मी ठेवले. न विचारता." त्याच्यामागून दुसराही आला. "मी धरले होते."

जोशीबाईंनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "पस्तीस वर्षं मी शाळेत काढली," त्या म्हणाल्या, "एका दिवसात तीन मुलं आपणहून कबूल झाली, असं कधी घडलं नाही. वाजवा रे ढोल!"

काकांना त्यांनी मुलांमध्ये धरलं, हे काकांना फार आवडलं. परतीच्या वाटेवर दोनदा स्वतःशीच हसले.

ऑर्डर गेली नाही. उलट पुढच्या वर्षी तीच पोरं आठवडाभर आधी फोन करून विचारू लागली, "काका, मूर्तीचा पाट पुढं ठेवायचा का मध्ये?" मूर्ती पोचली तेव्हा जोशीबाईंनी पहिल्या आरतीचं ताट काकांच्या हातात दिलं. "मी कोण?" म्हणून ते मागे सरायला लागले, तर पोरांनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून पुढे उभं केलं. आरती संपेपर्यंत त्यांचे डोळे वाहत होते आणि ताट मात्र जरासुद्धा हललं नाही.

त्या दसऱ्यानंतर त्यांच्या गुडघ्यांनी फारच त्रास दिला. मुलगी न्यायला आली. दोन ट्रंका, एक खुर्ची आणि स्वयंपाकाची भांडी ट्रॉलीत भरून मी त्यांना रोहा स्टेशनवर सोडलं. गाडी फलाटाला लागली तेव्हा इतका वेळ आवरलेलं रडू मला आवरेना.

"रडतेस काय गो?" ते म्हणाले. "बदली झालीय. बदलीला कोण रडतं?"

"आता मागचं कोण बघणार?"

"तुझी सासू. पंधरा दिवस शिकवतोय तिला. तुला सांगू नको म्हणाली."

मला खरंच वाटेना. पण माघी गणपतीची पहिली मूर्ती निघाली तेव्हा सासूबाई नऊवारीचा पदर खोचून बाहेर आल्या, आधी दांडा उचलायला लावला, ट्रॉली जोडल्यावर पिन हलवली, साखळ्या बघितल्या. मग मला ब्रेक दाबायला सांगून मागून अशा कडाडल्या की सगळा कारखाना दारात आला.

"डावा दिवा लागत नाय! अशी नेतेस बाप्पाला? उतर खाली!"

दिवा दुरुस्त करून, मूर्ती पोचवून परत आल्यावर मी रत्नागिरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "तिला सांग, पास झाली."